खाल्ल्या मिठाला

संत बार्बरेच्या सणाआधी कबुलीला जायचं
ही आमच्या खाणीची रीत.
टोपीला काळ्या पिसांचा तुरा लावायचा
तर मन धुतलेलं हवं, आई म्हणायची.
मी गेलो. गुडघे वाजले. जाळीपलीकडे
फादर तिमोतेउश खोकले. पोरगेलासा आवाज,
माझ्या थोरल्या नातवाच्या वयाचा.

नेहमीची यादी सांगितली:
कुंपणावरून शेजाऱ्याला शिव्या,
उपासाच्या दिवशी सॉसेज,
मेलेल्या बायकोवर अजून धरलेला राग.
मग थांबलो.
अजून एक आहे, फादर,
ते पापात धरतात की नाही, ठाऊक नाही.

मी पंपावर होतो. खाणीच्या तळाचं पाणी
वर खेचायचं. समुद्राहून खारट पाणी.
तळ्यात साठवायचं, नदीला पूर असेल तेव्हा
थोडंथोडं सोडायचं, असा कागद होता.
कागद भिंतीवर होता.
तळं भरलं की फोन यायचा: अलोइझ, रात्री उघड.
मी उघडायचो.
मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा वर्षं.
चाक डावीकडे, साडेचार वेढे.
तळहाताला अजून आठवतात.

घर त्यांचं, शेगडीतला कोळसा त्यांचा,
लेकीच्या दम्याचं औषधही त्यांचंच.
ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना जागलो.
उरलेलं मीठ ओल्शिनेत गेलं.

'कितीदा?' फादरांनी विचारलं, सवयीनं.
मी हिशेब केला. अकराशेच्या वर.
जाळीपलीकडे बराच वेळ काही नाही.
'आणि इजा कुणाला झाली?'
कुणालाच नाही. मासे होते.
'कुठले?'
मला सांगता येईना.
घनमीटर सांगता आले असते.

बाग दिली ती मशागतीला आणि राखणीला, ते म्हणाले,
राखणदाराला निदान नावं तरी यायला हवीत.
मग क्षमेचे शब्द, नेहमीचेच, जरा घाईत;
बाहेर रांग होती.
प्रायश्चित्त म्हणून माळ जपायला सांगतील
असं धरून मी खिसा चाचपत होतो.
'माळ नको. नावं शिका.
दर शुक्रवारी, काठावर जाऊन.'

बंधाऱ्यावरच्या चौकीदाराची विधवा पेलागिया
मला बघून दार लावून घेणार होती.
तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं.
शेवटी नवऱ्याची वही तिनं टेबलावर आपटली.

पुओच: लाल डोळ्यांचा, थव्यानं राहतो.
लिन: बुळबुळीत, सोनेरी, हिवाळा चिखलात काढतो.
ओकोन्य: अंगावर पट्टे, पाठीवर काटे,
हातात धरताना जपून.
याझ. लेश्च.
आणि शिंपले; त्यांना तो नुसतं 'म्हाताऱ्या' म्हणायचा,
एकेक त्याच्या आजीच्या वयाची निघायची म्हणे.
त्यानंतर आठवडाभर कोरी पानं.
मग तारीख, आणि एकच शब्द: वास.

ती वाचते, मी मागून म्हणतो,
लहानपणी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं म्हणायचो तसा.
चुकलो की पुन्हा पहिल्यापासून.
तिनं क्षमा केलेली नाही.
चहा करते. साखर देत नाही.

परवा फादरही आले, बूट चिखलात रुतवून.
लाल डोळ्यांचा कुठला, मी त्यांना विचारलं.
त्यांना आलं नाही.
त्यांच्याकडूनही पाठ करून घेतलं.

पाण्यात अजून काही हलत नाही.
एकदा हललं, तर ते पान होतं.
निघताना मी वाकतो,
बोट बुडवून जिभेला लावतो.

माझ्या बाप्तिस्म्याला, जुन्या रीतीनं,
जिभेवर मिठाचे कण ठेवले होते,
माणूस नासू नये म्हणून.
आई कौतुकानं सांगायची,
त्या रविवारी पाच पोरं होती, चार रडली.
आमचा अलोइझ तेवढा
मुकाट्यानं चाटत राहिला.